त्याला काय कळतंय?

परळीत नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात काम करताना माझ्या तोंडी एक वाक्य बसून गेलंय. आजी दारातून विचारते, "लेकराला लई दुखत आसंल ना हो डॉक्टर?" आणि मी म्हणतो, "नाही आजी, त्याला काय कळतंय!" आजीचा जीव हलका होतो. माझाही होतो, आणि खोच तिथेच आहे.

हे वाक्य टिकणारं नाही, हे १९८७ पासून छापील आहे. त्या वर्षी इंदूरला शिकलेल्या डॉ. कंवलजीत सिंग आनंद यांनी सहकाऱ्यांसह 'लॅन्सेट'मध्ये दाखवून दिलं की, हृदयाजवळची उघडी राहिलेली रक्तवाहिनी बांधताना ज्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांना फेंटानिल हे वेदनाशामक दिलं, त्यांच्या शरीरावरचा ताण कमी झाला आणि पुढची गुंतागुंतही. तोवर अशी बाळं बऱ्याच ठिकाणी जवळपास फक्त हालचाल थांबवणाऱ्या औषधावर कापली जात. त्यांना हलता येत नव्हतं, एवढंच.

मग सगळं माहीत असून मी असं का बोलतो? घाई असते, हे उत्तर मी स्वतःला बरीच वर्षं दिलं. पण तळव्याखाली टॉर्च धरून शीर शोधायला दहा मिनिटं जातात. मग टोचणं सुसह्य व्हावं म्हणून आधी जिभेवर आईच्या दुधाचे किंवा पंचवीस टक्के डेक्स्ट्रोजच्या साखरपाण्याचे थेंब ठेवून दोन मिनिटं थांबायलाच वेळ नसतो? डेक्स्ट्रोज तर ट्रेमध्येच पडलेलं असतं. साधनांचंही कारण चालत नाही. पॅरिस भागातल्या अशाच १३ अतिदक्षता विभागांची पाहणी २००८ साली प्रसिद्ध झाली. तिथेही बाळाला दिवसाला साधारण १० वेळा दुखवलं जात होतं आणि पाचातल्या चार वेळा खास वेदनाशमन नव्हतं.

दोष कानाचाही आहे. भरल्या दिवसांचं बाळ टोचताच टाहो फोडतं. सातव्या महिन्यात आलेलं तेवढी ताकद कुठून आणणार? घशात नळी असेल तर आवाजच फुटत नाही. भुवया आक्रसतात, डोळे घट्ट मिटतात, नाकाशेजारची घडी खोल होते, ऑक्सिजनचा आकडा उतरतो. मग तेही थांबतं, आणि आम्ही म्हणतो, शांत बाळ आहे. चिकटपट्टी ओढून काढताना पातळ कातडी सोलते, ते तर वेदनेत धरतच नाही.

औषधांना मर्यादा आहेत. मॉर्फिनने श्वास मंदावतो, रक्तदाब उतरू शकतो. व्हेंटिलेटरवरच्या प्रत्येक बाळाला ते सरसकट देण्यात फायदा नाही, असं २००४ च्या मोठ्या चाचणीत दिसलं. गोड थेंबांनी चेहरा निवळतो, पण मेंदूतलं दुखणं किती थांबतं यावर वाद आहे. तेव्हा थेंब देतानाही मला स्वतःला विचारावं लागतं, की मी बाळाला शांत केलं की स्वतःला.

आईच्या छातीशी धरलेल्या बाळाला टोचणं कमी लागतं, हे मात्र नक्की. पण आई दाराबाहेर बसवलेली असते. संसर्गाचं कारण आम्ही पुढे करतो. ते निम्मं खरं, हात धुऊन आलेल्या आईला ते लागू होत नाही. उरलेलं निम्मं असं, की आई बघत असेल तर तिसऱ्यांदा सुई घालताना माझा हात अवघडतो. मास्तरीणबाई आई असेल तर मी दोन वाक्यं समजावून सांगतो. उसाच्या फडावरून आलेली बाई काही विचारत नाही, तिला कोण सांगतं?

म्हणून आई-बापांनो, तुमचं लेकरू आत असेल तर रोज विचारा. आज किती वेळा टोचलं? त्यातल्या दोन तपासण्या एकाच सुईत झाल्या नसत्या का? टोचताना मला जवळ घेऊ द्याल का? डॉक्टर चिडले तरी विचारा. मी चिडलो तरीही.