अंगणांतील प्रेक्षक

नाटक प्रेक्षकांच्या जवळ न्यावें, असा एक आग्रह अलीकडे आपल्या सुशिक्षित मंडळींत वाढीस लागला आहे. उंच रंगमंच, पडदा, तिकिटाची खिडकी हीं मधलीं कुंपणें काढून टाकावीं, एखाद्या वाड्याचा चौक, शाळेची ओसरी किंवा शेतांतलें खळें गांठावें, आणि पन्नास माणसांच्या गुडघ्यांना गुडघे लावून खेळ करावा, म्हणजे खेड्यापर्यंत कला पोंचली, असें समजलें जातें. या विचाराच्या उदात्ततेविषयीं आम्हांस शंका नाहीं. आम्ही स्वतः त्याचे पाईक होतों व अजूनहि आहों. पण जवळ येण्याची परवानगी कोणाकडून घ्यावयाची असते, हा प्रश्न या उत्साहांत सहसा कोणी विचारीत नाहीं. आम्हींहि विचारला नव्हता. धाराशिव जिल्ह्यांतील एका खेड्यानें तो आम्हांस विचारावयास लावला.

वास्तविक ज्या जागेला आपण नाटकाच्या दृष्टीनें अपरिचित म्हणतों, ती आपल्याकडील सर्वांत जुनी जागा आहे. सांगलीस विष्णुदास भाव्यांनीं ‘सीतास्वयंवर’ केलें तें १८४३ सालीं. म्हणजे ज्याला आपण मराठी रंगभूमि म्हणतों तिचें वय अद्याप दोनशें वर्षांचेंहि नाहीं. अंगण त्याहून फार जुनें. पुढें नाट्यगृहांतील दुराव्याचा कंटाळा आल्यावर स्ट्रिंडबर्गनें १९०७ मध्यें स्टॉकहोम येथें एक लहानसें, निकटचें नाट्यगृह काढलें. बादल सरकारांनीं कलकत्त्यास ‘अंगनमंच’ ही कल्पना रुजविली. आणि दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहानें आमच्या पिढीला हेंच वेड लावलें. या सर्व ठिकाणीं नट आणि प्रेक्षक यांच्यांतील अंतर कमी झालें खरें. परंतु एक गोष्ट जशीच्या तशी राहिली. प्रेक्षक आपल्या पायांनीं चालत आला होता. एप्रिल २०१७ मध्यें जयंत सावरकरांच्या अध्यक्षतेखालीं नाट्यसंमेलन उस्मानाबादेस भरलें, तेव्हांहि आसपासचीं माणसें घरून निघून मंडपांत येत होतीं. आम्ही मात्र माणसांच्या घरांत निघालों होतों, आणि या दोहोंत कांहीं भेद आहे हें आमच्या ध्यानीं आलें नाहीं.

संमेलनानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यांतील गोष्ट. आम्ही आठ-दहा विद्यार्थी घेऊन तुळजापूर तालुक्यांतील एका गांवीं गेलों. नाटुकलें अर्ध्या तासाचें. विषय कर्जानें गांजलेल्या शेतकऱ्याचा. लेखक, दुर्दैवानें, आम्हीच. गांवांतील एका प्रतिष्ठित गृहस्थांनीं आपला वाडा मोठ्या अगत्यानें दिला होता. जुना चौसोपी वाडा, वर माळवद, मध्यें फरसबंदी चौक, आणि बाहेर जाण्यास एकच दिंडी. नटांना ये-जा करण्यास सोईचें म्हणून आम्हीं खेळाची जागा त्या दिंडीच्या तोंडाशींच आंखली, बायाबापड्यांना आंतल्या बाजूस ओसरीवर बसविलें, आणि सर्वांचे चेहरे दिसावे म्हणून चौकांत भरपूर उजेड ठेवला. या शेवटच्या युक्तीचा तर आम्हांस अभिमान होता. नाट्यगृहांतला प्रेक्षक अंधारांत लपतो, येथें त्याला लपतां येणार नाहीं, असें आम्हीं विद्यार्थ्यांस वर्गांत समजावूनहि सांगितलें होतें.

नाटकांतला शेतकरी शेवटचें बोलून बायकोकडे पाठ फिरवितो, त्या ठिकाणीं ओसरीवरची एक तरुण बाई उठून उभी राहिली. तिला बाहेर जावयाचें होतें. पण दिंडी आमच्या पाठीशीं. जावयाचें तर नटांच्या मधून, लख्ख उजेडांतून, साऱ्या गांवाच्या डोळ्यांदेखत. ती उभीच राहिली. सर्व माणसें नाटक सोडून तिच्याकडे पाहूं लागलीं. आमचा नट गोंधळला. पण तालमींत शिकविल्याप्रमाणें त्यानें वाक्य पुरें केलें. तेव्हां तिच्याजवळ बसलेली एक म्हातारी आम्हांला उद्देशून म्हणाली, “पावनं, दिवा जरा बारीक करा की. सुनंला घरला जायचंय.”

दिवा बारीक झाला, वाट झाली, त्या दोघी गेल्या. त्या घरांत दोन वर्षांपूर्वीं काय घडलें होतें तें आम्हांस मागाहून कळलें. गांवांत तें सर्वांना ठाऊक होतें, वाड्याच्या मालकांनाहि. त्यांनीं तें आम्हांस सांगितलें नाहीं, याबद्दल त्यांना दोष देण्यांत अर्थ नाहीं. आम्हींहि त्यांना विचारलें नव्हतें.

तेव्हांपासून आमच्या मनांत गोंधळाचा विचार येऊं लागला. तुळजापूरच्या भवानीच्या या मुलखांत अंगणांतलें नाट्य म्हणजे गोंधळ. लग्नानंतर किंवा कुळाचार म्हणून घरधनी गोंधळ्यांना बोलावतो. कदमराई असोत कीं रेणुराई, ते आपण होऊन येत नाहींत. चौक मांडतात, कलश स्थापन करतात, दिवटी पेटते, संबळ आणि तुणतुणें सुरू होतें, आणि गांवोगांवच्या दैवतांना नांव घेऊन आमंत्रण दिलें जातें. म्हणजे आधीं यजमानाचें आमंत्रण, मग देवांना. आणि या सर्वांनंतर नायकाचें आख्यान. येथें नट हा पाहुणा आहे. त्याला जेवूं घालणारा, त्याची बिदागी देणारा आणि प्रसंगीं “आतां आवरा” असें म्हणूं शकणारा माणूस समोर बसलेला असतो. आमच्या खेळाला तिकीट नव्हतें, आणि त्याचें आम्हांस मोठें भूषण वाटत होतें. परंतु जो कांहींच देत नाहीं, त्याला “पुरे” म्हणण्याचाहि संकोच वाटतो, हें आम्ही विसरलों.

कोणी म्हणेल, गोंधळ हा विधि. त्यांत मनाला झोंबणारें असें काय असणार? त्यांनीं जांभूळ आख्यान ऐकावें. विठ्ठल उमपांनीं तें रंगमंचावर आणल्यामुळें शहरांतहि तें परिचित झालें. पांच पतींची द्रौपदी; तिच्या मनांत कर्णाविषयीं अभिलाष उपजतो, आणि देठावरून तुटलेलें जांभूळ पुन्हां झाडास लागावें म्हणून तिला तो बोलून दाखवावा लागतो. बाईच्या मनांतलें याहून खासगी असें काय असेल? आणि असलें आख्यान सासूसुनांनीं भरलेल्या अंगणांत, हातभर अंतरावरून सांगण्याचें धाडस या परंपरेनें केलें. पण तें द्रौपदीचें नांव घेऊन. ऐकणाऱ्या स्त्रीला वाटलें तर ती आपलें मन त्यांत पाहील, न वाटलें तर कथा ऐकून उठेल. तिच्याकडे कोणी वळून पाहणार नाहीं. नाट्यगृहांतला अंधार जें काम करतो, तें येथें द्रौपदीचें नांव करतें. आम्हीं अंधार काढून घेतला आणि त्याच्या जागीं कांहींच ठेवलें नाहीं; उलट बिचारीच्याच घरची गोष्ट तिच्यापुढें मांडली.

यावर एक आक्षेप आहे आणि तो लहान नाहीं. आमंत्रणावांचून जाऊं नये असें ठरविलें, तर गांवाला नकोसें असलेलें सत्य गांवांत कधींच शिरणार नाहीं. सत्यशोधकी जलशांना गांवच्या वतनदारांनीं काय अक्षता दिल्या होत्या? आंबेडकरी जलसे कोणाच्या परवानगीनें उभे राहिले? हें खरें आहे. आमंत्रण देणारा बहुधा वाड्याचा मालक असतो, ओसरीवरची बाई नव्हे. आम्हांसहि आमंत्रण होतेंच, आणि त्यानें तिचें काय रक्षण झालें? गोंधळाचा यजमानहि घरांतला कर्ता पुरुषच. तेव्हां आमंत्रणानें सर्व साधतें असें आम्ही म्हणत नाहीं. पण जलसे करणारे स्वतःचें दुःख घेऊन उभे होते, आणि ते ज्यांना झोंबत होते ते बलिष्ठ होते. शिवाय ते बहुधा उघड्यावर होत. ज्याला राग आला तो तरातरा निघून जाऊं शकत होता. आम्हीं दुसऱ्याचें दुःख उसनें घेतलें, तें ज्याचें त्यालाच दाखविलें, आणि वर दार अडवून बसलों. बलिष्ठाला निरुत्तर करण्यासाठीं जवळ जाणें आणि दुबळ्याला हलतां न येईल इतकें जवळ जाणें, यांस एकच नांव देतां येईल काय?

जवळीक स्वभावतःच चांगली, ही समजूत शहरांत दूरदूर राहणाऱ्यांची आहे. खेड्यांत जवळीक मुबलक असते. दुर्मिळ असतो तो आडोसा. याच जिल्ह्यांतील सास्तूरकडच्या लोकांना विचारावें. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हां ज्या मातींत रचलेल्या दगडी भिंतींचें आणि माळवदांचें आम्हांस कौतुक, त्यांच्याचखालीं माणसें गेलीं. पुनर्वसनांत सरळ रांगांचीं गांवें उभीं राहिलीं, तेव्हां घरें फार लांबलांब झालीं अशी तक्रार पुष्कळांनीं केली. तरी जुन्या चौकाची आठवण काढतांना त्यांचा स्वर आमच्यासारखा निव्वळ काव्यमय असूं शकत नाहीं.

नाटक आम्हीं सोडलें नाहीं. पुढील वर्षीं त्याच गांवीं पुन्हां गेलों. या वेळीं आधीं दोनदां नुसते जाऊन बसलों, आणि बायकांना काय पाहावयास आवडेल तें विचारलें. बहुतेकींनीं हंसण्यासारखें कांहीं आणा म्हणून सांगितलें. तसें नाटुकलें लिहिणें आम्हांस फार कठीण गेलें. खेळाची जागा आंतल्या भिंतीशीं घेतली, दिंडी प्रेक्षकांच्या पाठीशीं मोकळी ठेवली, आणि उजेड नटांपुरता. ती सून आली नाहीं. म्हातारी आली, दाराशींच बसली, ऐन रंगांत असतां म्हशीला वैरण टाकावयास म्हणून उठून गेली, आणि परत आल्यावर मध्यें काय काय झालें तें शेजारणीला विचारूं लागली. शेजारीण तें इतक्या मोठ्यानें आणि इतक्या सविस्तर सांगूं लागली कीं, तिचें सांगून होईपर्यंत नटांना थांबून राहावें लागलें.