अभावाचे अधिकरण

वसई रोड स्थानकाच्या पूर्वेस, गोखिवरे, सातिवली आणि वालीव या बाजूला, लहानमोठ्या कारखान्यांच्या गाळ्यांची दाट वस्ती आहे. त्यांपैकी एका कारखान्यात, मालाच्या तपासणीच्या खात्यात, मी काही वर्षे नोकरी केली. दोषांची प्रतवारी लावणे हेच माझे काम होते: पत्र्याच्या कडेला बर, म्हणजे कापताना उठलेली खरखरीत धार, राहिली तर दोष किरकोळ, भोक जागचे सरकले तर मोठा, आणि वापरणाऱ्याच्या जिवास धोका असेल तर गंभीर. गंभीर ठरलेल्या मालाला लाल चिठ्ठी लागे, आणि डाय, पत्रा, यंत्र, पद्धत व माणूस या पाचांची चौकशी झाल्यावाचून ते प्रकरण दफ्तरातून निकाली निघत नसे.

एकदा रात्रपाळीत पॉवर प्रेसखाली एका तरुण कामगाराची तर्जनी गेली. सकाळी रजिस्टर माझ्यासमोर आले, तेव्हा कारणाच्या रखान्यात मुकादमाने ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ एवढाच शेरा मारला होता. पत्र्याच्या तुकड्यासाठी आम्ही पाच ठिकाणी शोध घेत होतो. माणसाच्या बोटासाठी तो एकाच ठिकाणी थांबला, आणि त्याखाली मी सही केली. ती सही मला आजही डाचते.

वैशेषिक दर्शनकारांनी आरंभी सहाच पदार्थ, म्हणजे अस्तित्वाचे वर्ग, मोजले होते. पुढे ‘अभाव’ हा सातवा मानावा लागला, कारण ‘जमिनीवर घट नाही’ हे ज्ञानही आपल्याला खरोखर होते, आणि ज्याचे ज्ञान होते त्याला विश्वाच्या वर्गवारीत स्थान देणे त्यांना अपरिहार्य वाटले. शिवाय, अभाव कशाचा आणि कोठे, हे दोन्ही सांगितल्यावाचून त्याचे विधान पुरे होत नाही. घट हा त्याचा प्रतियोगी, जमीन हे अधिकरण. या दृष्टीने पाहता मुकादमाचा शेराही अभावाचीच नोंद होता, कारण निष्काळजीपणा म्हणजे काळजीचा अभाव. फक्त त्याने त्या अभावाचे अधिकरण म्हणून कामगाराचे चित्त निवडले, आणि प्रेसच्या तोंडाशी हात आत जाऊ न देणाऱ्या गार्डचा जो अभाव होता तो लिहिला नाही. गार्ड नष्टही झाला नव्हता. डाय बदलताना काढून ठेवलेला तो स्टोअरच्या कोपऱ्यात धूळ खात होता. काही नैयायिक ज्याला सामयिकाभाव, म्हणजे काही काळापुरता अभाव, म्हणतात, त्याचे याहून स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही.

मुकादम खोटे लिहीत होता, असे मात्र मी म्हणणार नाही. वस्तू तेथे असती तर दिसली असती, अशी खात्री असेल तरच तिच्या न दिसण्यातून तिचा अभाव कळतो, असे मीमांसक सांगतात. आणि महिनोन् महिने उघडी प्रेस पाहिलेल्या डोळ्यांना तेथे काही असावयास हवे, हेच विस्मृत झाले होते.

कायद्याची वर्गवारी फळावरून चालत असे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या २१ व्या कलमाने यंत्राच्या धोकादायक भागांना आडोसा सक्तीचा केला खरा, परंतु अपघात सरकारदरबारी कळवावा लागे तो मृत्यू झाला किंवा माणूस ४८ तास कामावर येऊ शकला नाही तर. आणि १९२३ च्या भरपाईच्या कायद्याच्या परिशिष्टात संपूर्ण तर्जनी गेल्यास कमाईच्या शक्तीची हानी १४ टक्के धरली होती. त्याच उघड्या प्रेसखालून आदल्या रात्री कोणी निमिषभर आधी हात मागे घेतला असेल, तर त्या घटनेला कोठेच वर्ग नव्हता. वास्तविक दोन्ही रात्रींचे कारण एकच, आणि भेद केवळ दैवाचा.

ज्यांच्या हाती आज असे रजिस्टर असेल, त्यांना माझी विनंती आहे की माणसाच्या नावापुढे कसूर लिहिण्यापूर्वी त्यांनी स्वतः यंत्रापाशी जाऊन उभे राहावे, आणि तेथे काय असावयास हवे होते व नव्हते, ते प्रथम लिहावे.