अनित्य कशाला म्हणायचं?

गोठणगावच्या नॉर्ग्येलिंग वसाहतीतली तिबेटी माणसं माझ्या झेरॉक्सच्या दुकानात येतात, तेव्हा बहुतेकांच्या हातात आर.सी. असते. परदेशी माणसाला भारतात राहू देणारं नोंदणीचं पुस्तक. मुदत संपत आली की पानांच्या प्रती, फोटो, अर्ज. वसाहत १९७२ची. आजोबा तिबेटातून आले, मुलगा इथल्या धानाच्या बांधांवर वाढला, नातू आमच्यासारखी झाडीबोली बोलतो. आर.सी.वर तिघेही परदेशी.

तालुक्यातल्या एका कार्यक्रमात पाहुणे वक्ते म्हणाले, ही माणसं बौद्ध आहेत, सगळं अनित्य आहे हे त्यांना ठाऊक असतं, त्यामुळे कायमचं काही नसल्याचं दुःख त्यांना होत नाही. मीही बौद्ध आहे. माझ्या वडिलांनी १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात बाबासाहेबांसोबत दीक्षा घेतली होती. ते वाक्य मला अजून टोचतं.

म्हातारपण अनित्यात येतं, मरण येतं, पाण्यावाचून वाळलेलं धानही येतं. आर.सी.वरची तारीख त्यात येत नाही. ती कुणीतरी टेबलाशी बसून ठरवली आहे आणि उद्या ती बदलताही येईल. बुद्धाने दुःख आहे एवढंच सांगून थांबायला सांगितलं नाही, त्याचं कारण शोधायला सांगितलं. माणसाने केलेल्या कारणाला निसर्गाचं नाव दिलं, तर शोध तिथेच संपतो.

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये सिद्धार्थाच्या गृहत्यागाची कथाच वेगळी सांगितली आहे. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून तो बाहेर पडत नाही. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात भांडण पेटतं, शाक्यांचा संघ युद्धाचा ठराव करतो, सिद्धार्थ विरोध करतो. घरच्यांवर बहिष्कार पडू नये, त्यांच्या जमिनी जप्त होऊ नयेत, म्हणून तो परिव्रज्या पत्करतो. म्हणजे या कथेत घर सुटण्यामागे एका सभेचा ठराव आहे. निर्वासितांविषयी बोलताना आम्ही बौद्धांनी ही कथा विसरू नये.

तिबेटी भिक्खू रंगीत वाळूचं मंडल कित्येक दिवस रचतात आणि मग आपल्याच हाताने पुसतात. ते मंडल त्यांचं असतं, म्हणून तो त्याग. ज्याच्या हाती कधी काही दिलंच नाही, त्याला त्यागाचं कौतुक सांगणं मला क्रूर वाटतं.

भारताने १९५९पासून या लोकांना आसरा दिला, जमिनी दिल्या, शाळा काढल्या. हे मोठं काम आहे, आणि ते मी मनापासून मोठं मानतो. पण निर्वासितांसाठीचा १९५१चा आंतरराष्ट्रीय करार आपण केलेला नाही आणि निर्वासितांचा वेगळा कायदाही आपल्याकडे नाही. दया आहे, हक्क नाही. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेला माणूस जन्माने नागरिक ठरतो. हे तिबेट्यांनाही लागू आहे, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २०१०मध्ये स्पष्ट केलं. पुढे जन्मलेल्यांना आई किंवा वडील नागरिक असल्याचं दाखवावं लागतं.

सगळ्यांना नागरिकत्व हवंच असतं असंही नाही. स्वेटर विकून घर चालवलेल्या एका आजींनी मला सांगितलं, “मी इथली झाली, तर तिकडचं कोण मागणार?” परत जायची त्यांची आस ही आसक्ती आहे का, यावर मी बराच विचार केला. मला तसं वाटत नाही. त्या स्वतःसाठी काहीच मागत नाहीत. मागे राहिलेल्यांची बाजू त्यांनी सोडलेली नाही, एवढंच.

त्यांची नात नर्सिंग शिकली आहे. सरकारी भरतीच्या जाहिरातीत भारतीय नागरिकत्वाची अट असते, म्हणून तिला पासपोर्ट काढायचा आहे. आई १९७९ची, इथेच जन्मलेली. परवा ती आईच्या जन्मदाखल्याच्या प्रती काढायला आली तेव्हा आजी सोबत होत्या. मी त्यांना विचारलं, तुम्हाला चालेल का? “तिचं तिनं ठरवावं,” त्या म्हणाल्या, आणि आपली आर.सी. नूतनीकरणासाठी पुढे केली.