गुणांसाठी खाल्लेली भाजी

पुण्यातील खराडीत शेतांच्या जागी आयटी संकुले आली, त्यांच्याभोवती उंच इमारती उभ्या राहिल्या. तिथल्या कित्येक घरांत आई-वडील दोघेही नोकरी करतात आणि संध्याकाळचे खाणे मुलेच मोबाइलवरून मागवतात. सवलतीची कूपने, जमा होणारे गुण, पुन्हा मागवण्याची आठवण: बाजाराने खाण्याचा खेळ आधीच मांडला आहे. मग त्याच मोबाइलवर पौष्टिक आहाराकडे वळवणारा खेळ मुलांना द्यावा का? हा प्रश्न आरोग्याचा वाटला, तरी मुळात तो नीतीचा आहे. आमिषाने लावलेल्या वळणाला सद्गुण म्हणता येईल का? माझ्या मते खेळ जरूर द्यावा, पण स्वतःची गरज संपवणारा असेल तरच.

मुळात काहीच करू नये, असे म्हणण्याची सोय पुण्याला नाही. इथल्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने 1993 पासून पुण्याजवळच्या गावांतील माता आणि बालकांचा अभ्यास केला. इथली बाळे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने कमी, पण त्या मानाने त्यांच्या अंगात चरबी जास्त, असे त्यात दिसले. म्हणजे सडपातळ दिसणाऱ्या मुलालाही मधुमेहाचा धोका असू शकतो. खेळांचा उपयोग होतो, याचेही पुरावे आहेत. चेन्नईतल्या शाळकरी मुलांवरचा एक प्रयोग 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. आहारविषयक मोबाइल खेळ खेळलेल्या मुलांनी त्यानंतर अधिक पौष्टिक पदार्थ निवडले. पण लगेच केलेली निवड म्हणजे जडलेली सवय नव्हे.

गीतेच्या सहाव्या अध्यायात मोजका आहार-विहार योगाचा पाया मानला आहे, आणि तो संयम आतून यावा लागतो. बक्षिसाने नेमका तोच खुंटतो, असा आक्षेप घेतला जातो. त्याला आधारही आहे: संशोधक लिअन बर्च यांच्या 1984 च्या प्रयोगात, एक पेय पिण्याबद्दल बक्षीस मिळालेल्या लहान मुलांना ते पुढे कमी आवडू लागले. उलट लंडनमधील 2011 च्या अभ्यासात, नावडती भाजी रोज चाखण्याबद्दल स्टिकर मिळालेल्या मुलांना ती आवडू लागली आणि ही आवड काही महिने टिकली. मला यात विरोध दिसत नाही. स्टिकरने मुलांना पहिला घास घ्यायला लावले; आवड बहुधा पुन्हा पुन्हा चाखण्यातून आली. कृतीच्या सरावातून सद्गुण घडतो, हे ॲरिस्टॉटलचे म्हणणेही याच्याशी जुळते. आमिष उंबरठ्यापर्यंत चालेल, घरात त्याचे राज्य नको.

छांदोग्य उपनिषदातील आहारशुद्धीचा विचार शंकराचार्यांनी ताटापुरता ठेवला नाही. इंद्रिये जे जे आत घेतात, ते सारे त्यांनी त्यात धरले. या दृष्टीने खेळ हाही आहारच. पालकाची भाजी खाल्ल्याबद्दल गुण देत मुलाला तासन्‌तास पडद्याला जखडणारा खेळ एक हाव घालवून दुसरी लावतो. म्हणून खेळही संयमी हवा. तसा खेळ बाजारापुढे टिकणार नाही, असे कोणी म्हणेल. खरे आहे; म्हणून सारा भार खेळावर टाकू नये. शाळेच्या 50 मीटर परिसरात जादा मेद, मीठ, साखरेच्या पदार्थांची विक्री रोखणारा 2020 चा नियम आहे. तो पाळला जावा, आणि घरी दिवसातून एकदा तरी सर्वांनी एकत्र जेवावे. खेळाकडून एवढेच मागावे, की आपल्या निवडीचा शरीरावर काय परिणाम होतो ते त्याने मुलाला दाखवावे आणि मग बाजूला व्हावे. खराडीतल्या शाळांनी आणि सोसायट्यांनी असा खेळ निवडताना किती मुले तो खेळतात हे मोजू नये. तो बंद केल्यावर मुले स्वतःहून काय खातात, ते पाहावे.