शरीराची अमानत आणि आहाराची विद्या

वाचकहो, बारावीचा निकाल लागला की आपल्या घरांमधून एक संवाद हमखास ऐकू येतो. मुलगी म्हणते, "अब्बा, मला आहारशास्त्र शिकायचे आहे." किंवा मुलगा म्हणतो, "मला व्यायामशास्त्रात पदवी घ्यायची आहे." आणि घरातले वडीलधारे उत्तरतात, "खायचे कसे आणि चालायचे कसे, हे शिकायला विद्यापीठात जावे लागते काय? तुझ्या दादीला कोणी शिकवले होते?"

या प्रश्नात थट्टा आहे. पण त्यामागे एक गंभीर प्रश्नही दडलेला आहे. ज्या देहाची एक दिवस माती होणार, त्याच्या निगेसाठी आयुष्याची चार-पाच वर्षे आणि घरची कमाई खर्च करणे हे दीनदार माणसाला शोभते काय? ही विद्या सेवेची म्हणावी की चैनीची? आज आपण या प्रश्नाचा शांतपणे विचार करू.

प्रथम, या अभ्यासक्रमात शिकवतात तरी काय, ते पाहू. आहारतज्ज्ञ होऊ इच्छिणारी विद्यार्थिनी साधारणपणे तीन वर्षांची पदवी घेते व त्यानंतर बहुधा दोन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण घेते. पाककृती हा त्यातला लहानसा भाग असतो. शरीरक्रियाशास्त्र, जीवरसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, रोगानुसार आहार, समाजातील कुपोषण असे विषय तिला अभ्यासावे लागतात. पुढे रुग्णालयात प्रत्यक्ष रुग्णांसमोर उमेदवारी करावी लागते. इंडियन डायटेटिक असोसिएशनची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर नोंदणीकृत आहारतज्ज्ञ म्हणून मान्यता मिळते. २०२१ साली संसदेने आरोग्यसेवेतील संलग्न व्यवसायांसाठी जो कायदा केला, त्यातही आहारतज्ज्ञांचा समावेश आहे. व्यायामशास्त्राचा विद्यार्थी स्नायू, हृदय व फुप्फुसे श्रमाला कसा प्रतिसाद देतात हे शिकतो. हृदयविकारातून उठलेल्या माणसाने किती चालावे, गुडघे झिजलेल्या वृद्धेने कोणती हालचाल करावी आणि कोणती टाळावी, हे तो मोजून सांगू शकतो.

दादीला हे ठाऊक नव्हते काय? दादीला पुष्कळ ठाऊक होते. तांदळाची भाकरी, कुळथाचे पिठले, माशाचे कालवण आणि दिवसभराचे कष्ट यांनी तिचे आरोग्य राखले. परंतु आज तिच्याच नातवाला मूत्रपिंडाचा विकार जडला, तर तिचे ज्ञान अपुरे पडते. अशक्त माणसाला शहाळ्याचे पाणी द्यावे, ही तिची शिकवण. पण मूत्रपिंडे निकामी होत चाललेल्या रुग्णाच्या रक्तात पोटॅशियम साठते, आणि तेच शहाळे, तेच केळे त्याच्या हृदयाची लय बिघडवू शकते. अशा रुग्णाची भाजी चिरून, भरपूर पाण्यात उकळून, ते पाणी टाकून द्यावे लागते. मायेने भरवलेला घास कोणाला औषध आणि कोणाला विष ठरेल, हे केवळ मायेला कळत नाही. त्यासाठी विद्या लागते.

आता दीनच्या बाजूने पाहू. पवित्र कुरआनने सूरह आराफमध्ये खाण्यापिण्याची मुभा देतानाच उधळपट्टीला मनाई केली आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी पोटाचा एक भाग अन्नासाठी, एक पाण्यासाठी आणि एक श्वासासाठी ठेवण्याची शिकवण दिली. हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (र.) रोज रोजे ठेवू लागले आणि रात्र-रात्र नमाजमध्ये घालवू लागले, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना समजावले की, तुमच्या शरीराचाही तुमच्यावर हक्क आहे. या प्रसंगातला मर्म लक्षात घ्यावा. हे सहाबी इबादतीत गढलेले होते, चैनीत नव्हे. इबादत करणाऱ्यालाही शरीराचा हक्क बुडवण्याची परवानगी मिळाली नाही.

'हक्क' हा शब्द येथे निर्णायक आहे. शरीर माझ्या मालकीचे असते, तर ते बिघडवण्याचाही अधिकार मला असता. पण शरीर ही अल्लाहने सोपवलेली अमानत आहे. मालक वस्तू सजवतो आणि मिरवतो. अमानतदार ती सांभाळतो आणि एके दिवशी परत करतो. आरशासमोर दंड न्याहाळत तास घालवणारा तरुण आणि वडिलांना नमाजसाठी उभे राहता यावे म्हणून त्यांच्या गुडघ्यांचे व्यायाम शिकणारा तरुण, दोघे एकाच व्यायामशाळेत जात असतील. पण त्यांच्या नियतीत अंतर आहे, आणि कर्मांचे मोल नियतीवर ठरते.

येथे आपल्याकडच्या एका लाडक्या समजुतीबद्दलही बोलावे लागेल. "आम्ही पाच वक्तांची नमाज पढतो, आमचा व्यायाम आपोआप होतो," असे पुष्कळजण म्हणतात. नमाजमध्ये हालचाल आहे, यात शंका नाही. परंतु नमाज ही अल्लाहसमोरची हजेरी आहे. तिला कवायत समजणे हा तिचा सन्मान नव्हे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची, म्हणजे झपाझप चालण्यासारखी, हालचाल करण्यास सांगते. ती वेगळी करावीच लागते. स्वतः प्रेषित (स.) भरभर चालत असत आणि हजरत आयेशा (र.) यांच्याशी त्यांनी धावण्याची शर्यतही लावली होती, हे हदीसच्या ग्रंथांत नोंदलेले आहे.

मात्र 'अमानत' या शब्दातून एक कठीण प्रश्न उभा राहतो. शरीर ही अमानत असेल, तर जो आजारी पडला त्याने अमानतीत खयानत केली असे म्हणायचे काय? मधुमेह झालेल्या माणसाला "तुम्हीच खाऊन-खाऊन ओढवून घेतले" असे आपण किती सहज सुनावतो! वाचकहो, असे म्हणण्यापूर्वी हजरत अय्यूब (अ.) यांचे स्मरण करावे. ते अल्लाहचे पैगंबर होते आणि दीर्घकाळ आजारी होते. आजार ही परीक्षा असू शकते. तो अपराधाचा पुरावा नव्हे. मधुमेहात वंशाचा वाटा असतो, गर्भातील पोषणाचा असतो, कामाच्या स्वरूपाचा आणि गरिबीचाही असतो. अमानतदाराला त्याच्या प्रयत्नांबद्दल विचारले जाईल. परिणाम त्याच्या हाती नसतो. म्हणून ज्या आहारतज्ज्ञाच्या ज्ञानात तुच्छता मिसळली, त्याचे ज्ञान रुग्णाच्या उपयोगी पडत नाही. रुग्ण खोटे सांगू लागतो, आणि खोट्या माहितीवर खरा सल्ला देता येत नाही.

हे मी ग्रंथांतून शिकलो नाही, घरात शिकलो. माझ्या चाचांना अनेक वर्षांपासून मधुमेह होता आणि ते इन्सुलिन घेत असत. एका रमजानमध्ये डॉक्टरांनी मनाई केली असताना त्यांनी लपून रोजे सुरू केले. सातव्या रोजाला असरच्या आधी ते खाटेवर निपचित पडलेले दिसले. घरच्यांना वाटले, झोप लागली असेल. घामाने भिजलेला सदरा पाहून चाची ओरडली म्हणून ते वेळेत रुग्णालयात पोहोचले. रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरली होती.

दुसऱ्या दिवशी एक तरुण आहारतज्ज्ञ त्यांच्या खाटेजवळ आली. ती मुस्लिम नव्हती. आम्हाला वाटले, आता ही रोजाबद्दल बोल लावणार. तिने खुर्ची ओढली आणि विचारले, "चाचा, सहेरीला काय खाल्ले होते?" चाचा गप्प राहिले. मग हळूच म्हणाले, "चहा आणि दोन टोस्ट. सूनबाईला उठवावेसे वाटले नाही, बेटी." इन्सुलिन मात्र त्यांनी नेहमीइतकेच घेतले होते. ती रागावली नाही. तिने कागदावर रेघ ओढून त्यांना दाखवले की औषध कधी जोर धरते आणि त्या वेळी पोटात काय असते. शेवटी ती म्हणाली, "माझे काम धोका सांगण्याचे. बाकी तुमच्या इमाम साहेबांनाही विचारा." इमाम साहेबांनी त्यांना सूरह बकरामधील सवलत समजावली: आजारी माणसाला रोजा सोडण्याची मुभा आहे, बरे होण्याची आशा असेल तर ते दिवस नंतर भरून काढावेत, आणि ज्याला ते कधीच शक्य नाही त्याने फिदया म्हणून गरिबाला अन्न द्यावे. पुढच्या संध्याकाळी इफ्तारच्या दस्तरखानावर चाचा रोजाविना बसले आणि लहान मुलासारखे रडले. पण पुढच्या सर्व वर्षी फिदया स्वतःच्या हाताने पोहोचवत राहिले.

चाचांची कहाणी अपवादात्मक नाही. २००१ साली १३ देशांतील बारा हजारांहून अधिक मधुमेही मुस्लिमांची पाहणी झाली होती. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाच्या सुमारे ७९ टक्के रुग्णांनी रमजानमध्ये किमान पंधरा दिवस रोजे ठेवले होते, आणि साखर धोकादायकरीत्या उतरून रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याचे प्रमाण त्यांच्यात इतर महिन्यांच्या तुलनेत साडेसात पट झाले होते. आपल्या देशात तर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अभ्यासानुसार सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. सर्वांनाच रोजे वर्ज्य असतात असे नव्हे. कोणाला औषधाची वेळ बदलून, सहेरी उशिरा व सकस करून रोजे ठेवता येतात. कोणाला मुळीच ठेवता येत नाहीत. बोटाला सुई टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमा सांगतात. तरीही केवळ त्या भीतीने कितीतरी रुग्ण तपासणी टाळतात. हा फरक ओळखण्यासाठी वैद्यक जाणणारा आणि शरीयत जाणणारा, दोघांनी एकमेकांशी बोलले पाहिजे.

अबू दाऊद यांच्या संग्रहातील एक प्रसंग येथे आठवतो. प्रवासात एका सहाबींच्या डोक्याला जखम झाली होती. त्यांच्यावर गुस्ल वाजिब झाले. त्यांनी सोबत्यांना विचारले, मला तयम्मुमची सवलत आहे काय? सोबत्यांनी नकार दिला. त्यांनी स्नान केले आणि त्यातच त्यांचा मृत्यू झाला. प्रेषितांना (स.) हे कळले तेव्हा ते अत्यंत व्यथित व क्रुद्ध झाले, ठाऊक नव्हते तर विचारले का नाही, अशी त्यांची विचारणा होती. त्या सोबत्यांची नियत वाईट नव्हती. तरीही अज्ञानातून दिलेला कठोर सल्ला एका जिवावर बेतला. दुसऱ्या एका हदीसचा आशय असा की, वैद्यक न शिकता जो उपचार करतो, तो होणाऱ्या हानीला जबाबदार धरला जातो. आज मोबाइलवर फिरणारे 'सात दिवसांत मधुमेह मुळापासून बरा'सारखे नुस्खे पुढे पाठवताना आणि कमिशनसाठी प्रथिनांची भुकटी गळ्यात मारताना आपण या जबाबदारीचा विचार करतो काय?

इमाम गजाली (रह.) यांनी 'इह्या उलूमिद्दीन' या ग्रंथात वैद्यकाची गणना फर्ज-ए-किफायामध्ये केली आहे: समाजातील काहींनी ते शिकले तर सर्वांची सुटका, कोणीच शिकले नाही तर सर्व गुन्हेगार. आपल्या काळातील लोक फिकहच्या वादांकडे धावतात आणि वैद्यक दुसऱ्यांवर सोडून देतात, अशी खंतही त्यांनी तेथे व्यक्त केली. नऊशे वर्षांनंतरही ती खंत शिळी झालेली नाही. चाचांच्या खाटेजवळ बसलेल्या त्या मुलीचे उपकार आम्ही विसरणार नाही. पण आपल्या मोहल्ल्यात असे काम करणारी आपली एकही मुलगी का नसावी?

विशेषतः आपल्या स्त्रियांसाठी याची गरज मोठी आहे. पुरुष निदान मशिदीपर्यंत चालत जातो. घरातली स्त्री सर्वांना वाढून उरलेले खाते, आणि तिला मोकळेपणाने हात-पाय हलवायला जागाही नसते. तिला पडद्याची बूज राखून व्यायाम शिकवणारी, तिच्या रक्ताल्पतेकडे लक्ष देणारी स्त्री तज्ज्ञच हवी. हे शिक्षण दूरही नाही. महर्षी कर्वे यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाचे गृहविज्ञान महाविद्यालय मुंबईत जुहूला आहे, आणि तेथे केवळ मुलीच शिकतात.

ज्या विद्यार्थ्यांनी ही वाट धरली आहे, त्यांना एवढेच सांगावेसे वाटते: समोरच्याची भाकरी पाहिल्याशिवाय त्याला बदाम सांगू नका. रोजंदारीवरच्या बाईला महागडी फळे लिहून देणे ही विद्या नव्हे; मूठभर शेंगदाणे, डाळ, अंडे आणि पालेभाजी यांतून तिचे ताट कसे भरेल हे सांगणे ही विद्या होय. रुग्णाचे गुपित राखा. जे येत नाही, ते येत नाही असे म्हणा.

आणि आईवडिलांनो, उद्या आपल्या घरात तो प्रश्न उभा राहिला तर थट्टेने टाळू नका. "खायला काय शिकायचे?" असे म्हणण्याऐवजी "कोणासाठी शिकणार आहेस?" असे विचारा. उत्तरात स्वतःखेरीज आणखी कोणाचे नाव आले, तर बिस्मिल्लाह म्हणून फीची सोय करा. अल्लाह आपल्या सर्वांना सोपवलेली अमानत सांभाळण्याची आणि दुसऱ्याची अमानत सांभाळण्यास मदत करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.