नाक कुणाचं?

मूल जन्माला आलं की पहिल्या चोवीस तासांत त्याची वाटणी होते. शेतजमिनीच्या वाटणीला तलाठी लागतो, मोजणीदार लागतो, निदान दोन पिढ्यांचं वैर तरी लागतं. इथे एक आत्याबाई पुरतात. त्या दुपट्याचं टोक बाजूला करतात, चष्मा पुसतात आणि निकाल देतात. "नाक आमच्या दादाचं!" लगेच मावशी कपाळावर नाव लावतात, काकू हनुवटी नेतात आणि आजोबांना कानाच्या पाळ्यांवर समाधान मानावं लागतं. वाटणीचा माल त्या वेळी जगातल्या सर्व नवजात बालकांसारखा, म्हणजे नुकत्याच सोललेल्या उकडलेल्या बटाट्यासारखा दिसत असतो. पण बटाट्यातसुद्धा घराणं शोधणारी नजर आपल्याला लाभली आहे.

या वाटणीचा एकच अलिखित नियम आहे. चांगलं ते आमच्याकडून, बाकीचं तिकडून. पोरगं पहिलं आलं तर "बुद्धी आमच्या घराण्यातच आहे," आणि नापास झालं तर "मामावर गेलाय हो!" मराठी कुटुंबात मामाला चांदोबात घर आणि वाड्यात बाग दिली आहे, ती बहुधा या मानहानीची भरपाई म्हणून. मेंडेल नावाच्या धर्मगुरूने मठाच्या बागेत वर्षानुवर्षं वाटाणे लावले, उंची, रंग, सुरकुत्या असली सात लक्षणं तपासली आणि १८६६ साली अनुवंशाचे नियम छापून मोकळा झाला. त्याचे निष्कर्ष इतके स्वच्छ कसे आले? वाटाण्यांना आत्या नव्हती.

इथवर सगळं हसण्यावारी नेता येतं. नाकाने कुणाचं फारसं बिघडत नाही. पण हाच नियम पुढे मोठा होतो, आणि तिसरी मुलगी झाली की आत्याबाईंचा चष्मा पाळण्याऐवजी बाळंतिणीकडे वळतो. मूल मुलगा की मुलगी हे बापाकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरतं, हा शोध नेटी स्टीव्हन्स या बाईंनी १९०५ साली पिठात होणाऱ्या किड्यांच्या अभ्यासातून लावला. पिठातल्या किड्याने सांगून टाकलेली गोष्ट, तेच पीठ दोन वेळा मळणाऱ्या सुनेच्या घरात शंभर वर्षं होऊन गेली तरी पोचत नाही. आणि आपण मागासलेले आहोत असंही नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्रानेच केला. पहिली गरजही आपल्यालाच भासली, एवढाच त्याचा अर्थ.

बरं, अनुवंशावर एवढी श्रद्धा, तर जिथे तो खरोखर बोलतो तिथे तरी ऐकावं की नाही? थॅलेसेमियाचं तसं आहे. विदर्भात आणि नंदुरबारकडच्या कितीतरी समाजांत आढळणारा सिकलसेलही त्यातलाच. वाहक माणूस ठणठणीत असतो, स्वतःला काही नसतं. पण दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक खेपेला मुलाला तो आजार होण्याची शक्यता चारांत एक. एका रक्ततपासणीत हे कळतं. आम्ही मात्र छत्तीस गुण जुळवतो, नाडी बघतो, मंगळ बघतो, मुलाचा पगार तर तीनतीनदा बघतो. रक्त बघू या म्हटलं की, "म्हणजे? आमच्या मुलीत खोट आहे असं म्हणायचंय का तुम्हाला?" करोडो मैलांवरच्या मंगळाचा दोष चालतो. स्वतःच्या दंडातल्या रक्ताचा चालत नाही.

आता वजनाचं घ्या. जन्मतः अडीच किलोच्या आत भरलं तर मूल कमी वजनाचं, असा जगभरचा दंडक. आपल्याकडे मूल सव्वादोन किलो भरलं की घरात एक वाक्य हजर असतं. "आमच्याकडची मुलं बारीक चणीचीच असतात." वाक्य दिसायला निरागस आहे. पण त्यात कुणाला काहीच करावं लागत नाही, ही त्याची खरी गोडी.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत या बारीक चणीचाच पाठपुरावा केला. बाया काय खातात, किती राबतात, मूल केवढं होतं, सगळं मोजलं. तिथल्या बाळांचं सरासरी वजन भरलं २.७ किलो. इंग्लंडातल्या साउदॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोची. पण गंमत पुढेच आहे. आपली बाळं हडकुळी खरी, तरी चरबीच्या बाबतीत तितकीशी मागे नव्हती. कमी पडलं होतं ते मांस. दिसायला काडी आणि आतून लोणी! अशी शरीरं पुढे मधुमेहाकडे लवकर झुकतात, असं ही मंडळी सांगतात. २००४ साली डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज मित्र डॉ. युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये शेजारी शेजारी आपले फोटोच छापले. उंची-वजनाचं गुणोत्तर दोघांचं सारखंच, २२. चरबी मात्र इंग्रजाची ९.१ टक्के आणि पुणेकराची २१.२. पुणेकराने स्वतःच्या अंगातली उणीव छापून जाहीर केल्याचा दुसरा दाखला निदान मला तरी आठवत नाही.

याच गावांत आणखी एक गोष्ट दिसली. ज्या आया गरोदरपणी पालेभाज्या, फळं, दूध अधिक वेळा खात होत्या त्यांची बाळं वजनदार होती, आणि ज्या फार राबत होत्या त्यांची लहान. म्हणजे प्रश्न चणीचा आहे तितकाच कढईचाही आहे. मेथीच्या दोन जुड्या निवडून, चिरून, परतून वाटीभर भाजी होते. ती आधी मुलांना, मग पुरुषांना, मग सासूबाईंना फिरते. सुनेपाशी पोचते तेव्हा कढईला चिकटलेला लसूण उरलेला असतो. काही महिन्यांनी तो लसूण वजनकाट्यावर उतरला, की त्याचं नाव अनुवंश!

"पण आम्ही दोहाळजेवण थाटात केलं की!" केलंत ना. चंद्रावर बसवलीत, फुलांची वाडी भरलीत, दोन झाकलेल्या वाट्यांतून पेढा निघतो की बर्फी याचा ताण सगळ्या गल्लीला दिलात. गरोदरपण दोनशे ऐंशी दिवसांचं धरतात. राहिलेल्या दोनशे एकोणऐंशी दिवसांचे फोटो कुणी काढत नाही.

आता यावर दुसऱ्या टोकाचे शहाणे तयारच असतात. ते बाळंतिणीलाच धरतात. "तूच नीट खाल्लं नाहीस." दवाखान्याच्या भिंतीवरचा तक्ताही तिलाच उद्देशून असतो. फळे खावीत, दुपारी विश्रांती घ्यावी. विश्रांती घ्यावी म्हणजे तेवढा वेळ भांडी कुणी घासावीत, हे त्यात छापलेलं नसतं. अशा वेळी अपराध कुणाच्या नावावर लिहायचा? सासूबाईंच्या म्हणावं, तर त्यांनीही आपल्या काळी तोच लसूण खाल्लेला. त्यातून शरीरशास्त्र आणखी एक घोळ घालून ठेवतं. मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची असते, तेव्हाच तिच्या जन्मभराची स्त्रीबीजं तिच्या पोटात तयार असतात. म्हणजे तुम्ही-आम्ही ज्या बीजातून आलो ते आपल्या आईच्या आईच्या पोटात तयार झालं. त्या वर्षी त्या घरातली मेथी कुणी खाल्ली, याची साक्ष द्यायला आता कोण आहे? खटला उभा राहत नाही, आरोपी सापडत नाही. आजची कढई तेवढी आपल्या हातात आहे.

आणि "रक्तातच आहे, त्याला कोण काय करणार" म्हणणाऱ्यांना मी गडचिरोलीला नेईन म्हणतो. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ पासून तिथल्या एकोणचाळीस गावांतल्या बायांनाच नवजात बाळांची देखभाल शिकवली. बाळाला ऊब द्यायची, लगेच आईचं दूध पाजायचं, वजन करायचं, जंतुसंसर्ग ओळखून घरीच उपचार करायचा. तीन वर्षांत नवजात बाळांच्या मृत्यूंचं प्रमाण निम्म्याच्याही खाली आलं. तेवढ्यात कुणाचं रक्त बदललं नव्हतं. झोपड्याही त्याच होत्या.

या बायांना तिथे आरोग्यदूत म्हणतात. आरोग्यदूत दुपट्याचं टोक बाजूला करते आणि नाकाजवळ वाकते. नाक दादाचं की मामाचं याच्याशी तिला कर्तव्य नसतं. ती श्वास मोजत असते. मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त भरले, तर ती घाई करते.