करुणाचा उतारा

करुण रसापासून आनंद का होतो, हा प्रश्न मराठी रसचर्चेला नवा नाही. न. चिं. केळकरांनी सविकल्प समाधीच्या कल्पनेने त्याची उकल करू पाहिली. 'नाट्यदर्पण'कार रामचंद्र-गुणचंद्रांनी तर बाराव्या शतकातच करुण हा दुःखात्मक असतो असे सांगून मूळ गृहीतकालाच हात घातला होता. या जुन्या वादात २०१६ साली एक अनपेक्षित साक्ष दाखल झाली.

ऑक्सफर्डच्या रॉबिन डन्बार व सहकाऱ्यांनी काही प्रेक्षकांना 'स्टुअर्ट : अ लाइफ बॅकवर्ड्‌स' (२००७) हा विदारक चित्रपट दाखवला, तर इतरांना माहितीपट. आधी व नंतर प्रत्येकाने भिंतीला पाठ टेकून, खुर्चीवाचून खुर्चीत बसल्यासारखे, मांड्यांतील कळ असह्य होईपर्यंत बसायचे. चित्रपट पाहणाऱ्यांची सहनशक्ती सरासरीने वाढली. इतरांची वाढली नाही. शरीरातील एंडॉर्फिन ही वेदनाशामक द्रव्ये यामागे असावीत, असा संशोधकांचा तर्क आहे. (ती प्रत्यक्ष मोजलेली नव्हती.)

हा निष्कर्ष मानण्यास मला अडचण वाटत नाही. अडचण पुढे आहे. स्टुअर्ट शॉर्टर हे कल्पित पात्र नव्हे. लहानपणी अत्याचार सोसलेला, केंब्रिजच्या रस्त्यांवर राहिलेला हा माणूस २००२ साली रेल्वेखाली मरण पावला. त्याच्या यातनांनी परक्यांची कळ सुसह्य झाली. प्रयोगात जवळीकही मोजली होती आणि तीही वाढली. पण ती सहप्रेक्षकांविषयीची. स्टुअर्टसारख्यांविषयीची जवळीक हा मोजणीचा विषयच नव्हता. साधारणीकरणात व्यक्तिगत संबंध गळून पडतो, म्हणून दुःख आस्वाद्य होते, असे आपण शिकवतो. त्या संबंधाबरोबर दायित्वही गळून पडते काय?

'उत्तररामचरिता'च्या सातव्या अंकात वाल्मीकीने रचलेले नाटक अप्सरा सादर करतात आणि प्रेक्षकांत राम बसलेला असतो. त्यागानंतरची सीतेची अवस्था पाहून तो मध्येच बोलू लागतो. हे नाटक आहे, याची आठवण लक्ष्मणाला करून द्यावी लागते. तरीही राम मूर्च्छित पडतो. वर्गात या ठिकाणी एखादा विद्यार्थी हमखास हसतो. पण रामाला नाटक कळत नाही, असे नव्हे. तो त्याग त्याचा स्वतःचा आहे. त्याच्यापुरते साधारणीकरण होऊच शकत नाही आणि म्हणून त्याला उतारा पडत नाही.

त्याच प्रेक्षागृहात पौरजनही आहेत. सीतेविषयीचा प्रवाद त्यांच्यातूनच उठला होता. भवभूती त्यांना नुसते द्रवून घरी जाऊ देत नाही. अरुंधती त्यांना भर सभेत खडसावते आणि मग ते सीतेला नमस्कार करतात.